गळपट्टा घ्यावा की घेऊ नये?

(द्वितीय वर्ष, कला)

२०२५ सालची दिवाळी होऊन तीन-चार आठवडे झाले होते. कारखाना सुरू झाला होता आणि श्रीपूरच्या रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागू लागली होती. अशाच एका संध्याकाळी माझ्या धाकट्या भावाने मोबाइलवर एक चित्रफीत आणून आम्हा सर्वांना दाखवली. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड नावाचे गाव आहे. तेथील बायामाणसे गळ्यात टोकदार खिळ्यांचे पट्टे बांधून शेतात काम करीत होती. बिबट्याने मागून झडप घातली तर दात मानेत रुतू नयेत, खिळ्यांवर आपटावेत, यासाठी ती तजवीज होती. आजीने चष्मा वर करून दोनदा पाहिले आणि म्हणाली, "अगं, ह्या बाया धनगराच्या कुत्र्यावाणी पट्टं घालून कशापायी हिंडत्यात?"

आम्ही हसलो, पण ते हसणे फार दिवस टिकले नाही. त्याच आठवड्यात आमच्या वस्तीवरचे तांबडे कुत्रे रात्रीतून नाहीसे झाले. कोणी म्हणाले, गाडीखाली आले असेल. कोणी म्हणाले, ओढ्याच्या कडेला ठसा दिसला. ठसा बिबट्याचा की तरसाचा, की कुत्र्याचाच, हे सांगणारे आमच्यात कोणी नव्हते. तरीही दुसऱ्या दिवसापासून बायका खुरपायला जाताना एकमेकींची वाट पाहू लागल्या. आमचे चुलते बाजाराला गेले होते, ते तेथून बातमी घेऊन आले की एक वेल्डिंगवाला तसेच पट्टे करून देतो आहे आणि एका पट्ट्याचे साडेतीनशे रुपये घेतो आहे.

आम्ही घरात पाच माणसे. पाच पट्ट्यांचे झाले साडेसतराशे. आईची खुरपणीची मजुरी दिवसाला तीनशे धरली तर जवळजवळ सहा दिवसांचे काम गळ्यात बांधायचे होते. रात्री जेवताना बराच वेळ याच विषयावर बोलणे झाले. शेवटी आबा म्हणाले, "तू कॉलेजात जातीस न्हवं? मग घ्यायचं का न्हाई ते तूच वाचून सांग."

वाचकहो, आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. आजवर मला घरातून विचारले गेले ते एवढेच, की फी कधी भरायची आणि निकाल कधी लागणार. शिकलेल्या मुलीचे मत म्हणून एखादी गोष्ट माझ्यावर सोपवली जाण्याची ही पहिलीच वेळ होती. परीक्षेत आठ गुणांच्या प्रश्नाला काहीतरी लिहिता येते. इथे उत्तर चुकले तर त्याची किंमत घरातल्याच कोणाला तरी मोजावी लागणार होती. म्हणून मी चार ठिकाणी विचारले, ग्रंथालयात बसले, सरांना आणि मॅडमना त्रास दिला. त्यातून जे समजले ते येथे मांडते आहे. हा प्रश्न केवळ आमच्या घरचा नाही. आपल्या महाविद्यालयात येणाऱ्या निम्म्या मुलामुलींच्या घराची वाट उसातूनच जाते.

आधी पिंपरखेडविषयी. तेथील लोक हौसेने असे पट्टे घालीत नव्हते. ऑक्टोबर २०२५ च्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे अवघ्या तीन आठवड्यांत, पिंपरखेड आणि शेजारच्या जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यात तीन जीव गेले. त्यांत दोन लहान मुले होती आणि एक वृद्ध बाई. संतापलेल्या लोकांनी मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. त्यानंतर बिबट्याला गोळी घालण्यात आली. पण एक बिबट्या मेला म्हणून दुसरा नाही असे कोण सांगणार? शेतीची कामे थांबवता येत नाहीत. तेव्हा लोकांनी आपली मान आपणच झाकून घेतली.

आपल्याकडे हे सारे लांबचे वाटते, पण तसे नाही. डिसेंबर २०२० मध्ये आपल्याच सोलापूर जिल्ह्यात, करमाळा तालुक्यात, एका बिबट्याने काही दिवसांच्या अंतराने माणसे मारली होती. त्यांत ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातली एक लहान मुलगीही होती. बीड आणि नगरकडूनही बळी घेत तो आल्याचे तेव्हा सांगितले जात होते. शेवटी १८ डिसेंबरला अकलूजचे डॉ. धवलसिंह मोहिते-पाटील यांच्या गोळीने तो पडला. त्या वेळी मी चौदा वर्षांची होते. आई आम्हाला संध्याकाळी पाचनंतर अंगणातसुद्धा जाऊ देत नव्हती, हे मला चांगले आठवते. येथे एक गोष्ट सांगायला हवी. बिबट्या हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी आहे. माणसाच्या जीवाला धोकादायक ठरलेल्या बिबट्यालाही मारायचे तर मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश लागतो. गावकऱ्यांनी उठून बंदूक चालवायची, असे चालत नाही.

आता प्रश्न असा की पट्टा मानेलाच का? मांजर उंदीर कसे धरते ते आपण पाहिले आहे. बिबट्या त्याच कुळातला. तो कुत्र्यासारखा लांबवर पाठलाग करून दमवीत नाही. लपत, सरपटत जवळ येतो आणि अगदी थोड्या अंतरावरून झेप घेतो. भक्ष्याची मान किंवा नरडे सुळ्यांत धरायचे आणि श्वास कोंडेपर्यंत सोडायचे नाही, ही त्याची रीत. मानेवरची पकड बसलीच नाही तर भक्ष्याला ओरडायला आणि झटापट करायला क्षणभर मिळतो, आणि आरडाओरड झाली तर बिबट्या पुष्कळदा सोडून पळतो. पट्टा जी काही मदत करू शकेल ती या एका क्षणाची. हे ज्ञान नवे नाही. आपल्या माळशिरस, नातेपुते भागातले धनगर पिढ्यानपिढ्या आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात तो लांडग्यासाठी आणि बिबट्यासाठीच. आजीची तुलना म्हणजे नुसती चेष्टा नव्हती, तिच्यात शास्त्र होते, हे मला नंतर कळले.

माणसाने असा उपाय करण्याचा प्रयत्नही पूर्वी झाला आहे. बंगालच्या सुंदरबनात मध गोळा करायला, लाकडे आणायला जाणाऱ्यांवर वाघ मागून हल्ला करतात. म्हणून १९८६ च्या सुमारास तेथील लोकांना माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे दिले गेले. ते तोंडावर घालायचे नाहीत, डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचे. हेतू हा की वाघाला वाटावे, हा आपल्याकडेच पाहतो आहे. सुरुवातीच्या काळात मुखवटा बांधलेल्यांपैकी कोणावर हल्ला झाला नाही. पुढे पुढे वाघ या युक्तीला फसेनात, असेही तेथील लोक सांगू लागले. जंगलात गस्त घालणाऱ्यांसाठी मानेमागे उंच येणारे कडक पट्टेही तेथे वापरले गेले. माणसाचे कपडे घातलेल्या पुतळ्यांतून वाघाला विजेचा झटका देण्याचाही प्रयोग झाला होता. यावरून मला एवढे कळले की पिंपरखेडच्या लोकांनी जे केले ते वेडेपणाचे नव्हते, आणि कोणतीही एकच युक्ती कायमची पुरी पडत नाही.

मी इतिहासाची विद्यार्थिनी. चिलखताचा विचार करताना प्रतापगड आठवला नाही तरच नवल. १० नोव्हेंबर १६५९ रोजी शिवाजी महाराज अफझलखानाच्या भेटीला गेले ते अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली जिरेटोप घालून. खानाचा वार चिलखतावरून घसरला म्हणून पुढचा इतिहास घडला. (तेथे वाघनखे माणसाच्या हातात होती, आमच्या शिवारात ती खऱ्या जनावराच्या पंजात असतात, हा फरक मला लिहिता लिहिता सुचला.) पण मला त्या प्रसंगातली दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. महाराजांना भेटीचा दिवस ठाऊक होता, जागा ठाऊक होती, समोरचा माणूस ठाऊक होता. तेवढ्या घटकेपुरते ते चिलखत होते. शेतकऱ्याला दिवसही ठाऊक नाही आणि जागाही नाही. त्याने चिलखत घालायचे तर बारा महिने, चोवीस तास घालावे लागेल. आणि बारा महिने कोणी घालीत नाही. आठ दिवस घालतो, नवव्या दिवशी खुंटीला टांगतो.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तिघे अधिकारी हुतात्मा झाले. त्यांपैकी अशोक कामटे हे त्याआधी आपल्या सोलापूरचे पोलीस आयुक्त होते, म्हणून आपल्या जिल्ह्यात त्यांचे नाव अजूनही आपुलकीने घेतले जाते. करकरे हेल्मेट आणि गोळीरोधक जाकीट चढवताना सगळ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले होते, तरी ते वाचले नाहीत. त्या जाकिटाचा दर्जा कसा होता आणि ते पुढे सापडेनासे कसे झाले, यावर नंतर पुष्कळ वादंग झाले. पुढे २०१८ मध्ये भारतीय मानक ब्युरोने गोळीरोधक जाकिटांसाठी स्वतंत्र मानक ठरवले. कोणत्या जाकिटाने कोणत्या बंदुकीची गोळी अडली पाहिजे याच्या पायऱ्या त्यात आखल्या आहेत. तरीही जाकीट झाकते ते छाती आणि पोट. मान, खांदे, हात उघडेच राहतात. आता आमच्या बाजारातल्या वेल्डिंगवाल्याने जुन्या रबराच्या पट्टीवर ठोकलेल्या खिळ्यांना कोणते मानक लावायचे? ते खिळे बिबट्याच्या जबड्याखाली उभे राहतील की आडवे होऊन घालणाऱ्याच्याच मानेत शिरतील, हे कोणी तपासले आहे? हा प्रश्न मी चुलत्यांना विचारला तर ते म्हणाले, "त्ये बिबट्यालाच ठावं."

पट्ट्यावर विचार करता करता मी मुळाकडे वळले. बिबट्या उसात आलाच कशासाठी? आमचे श्रीपूर हे उसानेच वसवलेले गाव आहे. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली आणि तिचा कारखाना येथे उभा राहिला. आता येथे पांडुरंग सहकारी साखर कारखाना आहे. नीरा उजव्या कालव्याने पूर्वीच्या कोरड्या तालुक्याला पाणी मिळाले आणि ज्वारीच्या जागी ऊस आला. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा असतो. पुरुषभर उंच, दाट, आत सावली, कडेने पाटाचे पाणी. बिबट्याच्या मादीला पिल्ले घालायला यापेक्षा चांगली जागा कोणती? तिचे गर्भारपण तीन-साडेतीन महिन्यांचे, आणि एका वेळी साधारण दोन-तीन पिल्ले होतात. जुन्नरकडच्या कित्येक बिबट्यांनी जंगल पाहिलेलेच नाही, ते उसातच जन्मले आणि उसातच वाढले. आपण जंगल तोडले म्हणून बिबट्या गावात आला, हे वाक्य आपण निबंधात नेहमी लिहितो. पण येथे उलट आहे. येथे आपणच त्याच्यासाठी जंगल लावले, आणि दर हंगामात ते कापतो.

या विषयावर विद्या अत्रेय या संशोधक बाईंनी महाराष्ट्रातच मोठे काम केले आहे. जुन्नर भागात २००१ च्या सुमारास शेतातून पकडलेले बिबटे दूरच्या जंगलात नेऊन सोडायला सुरुवात झाली. कोणालाही वाटेल की हाच शहाणपणाचा मार्ग. घडले भलतेच. त्याआधी वर्षाला सरासरी चार हल्ले होत, ते सतरांवर गेले. आपल्या ओळखीच्या मुलखातून उचलून अनोळखी ठिकाणी टाकलेले जनावर बिथरते, परत यायला निघते आणि वाटेत माणसाशी गाठ पडते. याच बाईंनी नंतर नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात पाहणी केली. तेथे ऊस आणि वस्ती एकमेकांना चिकटून होती, माणसे दाट होती, आणि तरी शंभर चौरस किलोमीटरला पाचाच्या आसपास प्रौढ बिबटे राहत होते. त्यांच्या विष्ठेच्या तपासणीतून कळले की त्यांच्या खाण्यात बहुतेक भाग पाळीव जनावरांचा, आणि त्यातही सर्वांत अधिक कुत्र्यांचा. त्या पाहणीच्या काळात तेथे एकही माणूस मारला गेला नव्हता. म्हणजे बिबट्या शेजारी असणे आणि त्याने माणूस धरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमचे तांबडे कुत्रे बिबट्यानेच नेले असेल, तर ते त्याच्या नेहमीच्या जेवणापैकीच एक.

मग तो माणसावर जातो केव्हा? एका वनरक्षकांना मी याविषयी विचारले. मनुष्य उभा असला तर बिबट्याला तो भक्ष्य वाटत नाही. वाकलेला, उकिडवा बसलेला माणूस मात्र त्याला चार पायांच्या जनावरासारखा दिसतो, आणि लहान मूल तर उभे असले तरी बुटकेच. म्हणून बळींमध्ये मुले अधिक. खुरपणारी बाई, परसाकडे बसलेला माणूस, दारे धरायला वाकलेला शेतकरी, अंगणात एकटे खेळणारे पोर, यांना खरा धोका. त्यातही संध्याकाळ आणि पहाटेची वेळ वाईट. त्यांनी सांगितलेले उपाय अगदी साधे होते. दोघांनी मिळून जावे, बोलत जावे, हातात बॅटरी आणि घुंगराची काठी असावी, मुलांना मधे घ्यावे, शेळ्यांचा गोठा वरूनही बंद असावा, घराभोवती उकिरडा करू नये, कारण उकिरड्याला कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे तो येतो. बिबट्या दिसला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. आणि तोड चालू असताना पिल्ले सापडली तर घरी आणून फोटो काढत बसू नये. पिल्ले जागेवरच राहू दिली तर रात्री मादी येऊन घेऊन जाते.

इतके सारे घेऊन मी घरी गेले आणि एकेकाचा हिशेब मांडू लागले.

भावाचा प्रश्न सर्वांत आधी, कारण आईचा जीव त्याच्यातच होता. तो सातवीत आहे. शाळेतून येताना शेवटचा तुकडा उसातून. आईचे म्हणणे, बाकी कोणाला नको, पण पोराला पट्टा घ्या. मी म्हणाले, तो पट्टा घालून वर्गात बसणार आहे का? कबड्डी खेळताना दुसऱ्या मुलाच्या डोळ्यात खिळा गेला तर? आणि मुलांनी कुत्रा म्हणून चिडवले की दुसऱ्या दिवशी तो पट्टा दप्तरात जाईल. पट्टा दप्तरात आणि आईला घरी वाटते की पोरगा सुरक्षित आहे. या खोट्या धीराची मला अधिक भीती वाटली. पट्टा नसताना आई त्याला आणायला बांधापर्यंत तरी जात होती. शेवटी वस्तीवरच्या पाच मुलांनी एकत्र यायचे आणि शेवटच्या तुकड्याला एका घरच्या मोठ्या माणसाने पाळीपाळीने उभे राहायचे, असे ठरले. याला एक पैसा लागला नाही. मात्र पाच घरांच्या बायकांना एका ठिकाणी बसवायला मला दोन संध्याकाळी लागल्या. त्यातल्या दोघींचे गेल्या पंचमीपासून बोलणे बंद होते.

आईचे वेगळे. ती सात-आठ बायकांच्या टोळीत खुरपते. टोळीत बोलणे, हसणे, भांडणे चालूच असते, आणि कामही दिवसाउजेडी. उन्हात घामाने भिजलेल्या मानेवर रबर आणि खिळे दिवसभर वागवणे, वाकताना हनुवटीखाली टोचणे, हे तिला जमणार नाही असे तिनेच सांगितले. तिने विचारले ते वेगळेच. "आमचं जाऊ दे. त्या कोप्यातली पोरं बघितलीस का?"

मी पाहिली होती. कारखान्याच्या बाजूला बीडकडून आलेल्या तोडकऱ्यांच्या कोप्या पडतात. उचल घेतलेली असते, मुकादमाचा तगादा असतो. नवराबायको मिळून एक कोयता. पहाटे अंधारातच फडात जातात आणि तान्ही पोरे बांधाला, गाडीखाली, पाचटावर झोपवलेली असतात. वाढे विकून येणाऱ्या पैशांत संध्याकाळचा बाजार होतो. बिबट्याच्या दाराशी सर्वांत जवळ कोण असेल तर ही माणसे, कारण ऊस शेवटी त्यांच्याच हातून कापला जातो आणि आत जो दडलेला असतो तो त्यांच्याच समोर बाहेर पडतो. आम्ही साडेसतराशे रुपयांचा विचार करीत होतो, त्यांच्या गळ्याचा विचार कोणी करीत नव्हते, आणि तोपर्यंत मीही केला नव्हता. वन्य प्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर शासन २०२३ पासून वारसांना पंचवीस लाख देते. मेल्यानंतर पंचवीस लाख, आणि जगत असताना साडेतीनशे रुपयांचा पट्टा ज्याचा त्याने घ्यावा, हे गणित माझ्या डोक्यात अजून बसलेले नाही.

राहिले आबा. आबांचा हिशेब मात्र कसाही केला तरी पट्ट्याच्या बाजूनेच पडत होता. आमच्या भागात शेतीपंपाला वीज पाळीने येते, एका आठवड्यात दिवसा, पुढच्या आठवड्यात रात्री. रात्रीच्या पाळीत आबा एकटे, डोक्यावर टॉवेल गुंडाळून, अंधारात सरीसरीने दारे मोडीत फिरतात. एकटा माणूस, वाकलेला, पहाटेची वेळ, पाण्याच्या आवाजात मागची चाहूल लागत नाही. वनरक्षकांनी सांगितलेल्या सगळ्या वाईट गोष्टी एका ठिकाणी जमलेल्या! दिवसा वीज मिळाली तर निम्मा प्रश्न सुटेल, आणि सौर वाहिनीतून तशी वीज देण्याची योजना आली आहे. पण आमच्या डीपीपर्यंत ती अद्याप आलेली नाही. तोपर्यंत काय? मी आबांना म्हणाले, "पाच नकोत, एकच पट्टा घेऊ, आणि उरलेल्या पैशांतून चांगली बॅटरी घेऊ. पट्टा तुमच्यासाठी."

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चाळीस वर्सं दारं धरतोय. आता गळ्यात पट्टा घालून मालकाच्या रानात उभा ऱ्हाऊ? मी काय कुत्रं हाय का?"

मला कोणत्याही पुस्तकात याचे उत्तर मिळाले नव्हते. खिळे किती लांब असावेत हे विचारायला मी गेले होते, पण पट्टा घालणाऱ्या माणसाला काय वाटेल हे विचारले नव्हते. पिंपरखेडच्या बायांचे छायाचित्र छापून आले तेव्हा आपण त्याकडे नवल म्हणून पाहिले. त्या बायांना छायाचित्र काढले जाताना काय वाटले असेल, ते मला त्या रात्री थोडेसे कळले. मी म्हणाले, "आबा, पोलिसाच्या जाकिटाला कुणी हसत नाही. हे तुमचं जाकीट." ते म्हणाले, "पोलिसाला पगार असतोय."

तरी मी पट्टा आणला. वेल्डिंगवाल्याकडचा तयार घेतला नाही. त्याला सांगून आतून जाड कातडे दुहेरी शिवून घेतले, खिळ्यांची डोकी त्या दोन थरांच्या मधे दाबून बसवली, म्हणजे खिळा उलटला तरी मानेत जाणार नाही. बक्कल मागे न घेता बाजूला घेतले, अंधारात एका हाताने सोडता यावे म्हणून. त्याने पन्नास रुपये जास्त घेतले आणि कॉलेजातल्या मुली अशी कामे सांगायला येतात याचे नवल केले. बॅटरी आणली ती डोक्याला बांधायची, हात मोकळे राहतात. ती आबांना पहिल्याच दिवशी आवडली. पट्टा खुंटीला टांगलेला राहिला. चुलत्यांनी आपल्या घरी चार पट्टे नेले होते. त्यांतले तीन महिनाभरात गोठ्याच्या मेढीला लटकले आणि चौथा त्यांनी खरोखरच कुत्र्याच्या गळ्यात घातला. ते कुत्रे अजून आहे.

आजीला मी काहीच आणले नाही. तिने एकदा विचारले, "माझा पट्टा कुटं हाय?" मी म्हणाले, "आजी, तू तर उन्हं कलल्यावर बाहेर पडत नाहीस." ती म्हणाली, "न्हाई पडत, पर इचारावं तरी माणसानं."

पौषात रात्रीची पाळी आली तेव्हा थंडी फार होती. आबा जाताना मफलर गुंडाळून गेले. सकाळी मी अंगण झाडताना खुंटीवरचा पट्टा पाहिला तर चार-पाच खिळ्यांना लोकरीचे तपकिरी धागे अडकलेले होते. मी ते काढले नाहीत आणि त्याविषयी घरात कोणाशी बोललेही नाही. त्या आठवड्यात रोज सकाळी धागे थोडे थोडे वाढत गेले. मफलर विरली, ती आईने संक्रांतीच्या बाजारात नवी आणली.

कोप्यातल्या पोरांचे काय करायचे यावर आमच्या वर्गातल्या काही जणींनी मॅडमशी बोलून ठेवले आहे. पुढच्या हंगामात तोड सुरू झाल्यावर पहाटेच्या वेळी त्यांना एका ठिकाणी, चार भिंतींच्या आत बसवता येईल का, आणि त्यासाठी कोणाची खोली मिळेल, एवढेच आता विचारायचे आहे. खोली कोणाच्या माहितीत असेल तर जरूर कळवावे.